लिहिण्याचा नेम सारखा मोडतो : आधी काय तपासायचं

लक्षणं

नवी वही आणली, आठ-दहा दिवस रोज लिहिलं. मग घरी पाहुणे आले किंवा ताप आला आणि एक खाडा पडला. उद्या लिहू म्हणता म्हणता आठवडा गेला, आणि आता ती वही उघडायचंच मन होत नाही.

बसता रोज, पण पहिल्याच पानावर खाडाखोड चालू राहते. महिना झाला तरी गोष्ट तिथल्या तिथे.

बसल्यावर पहिली पंधरा मिनिटं ‘मागच्या वेळी कुठवर आलो होतो’ हे शोधण्यात जातात. तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं.

रोज जमत नाही म्हणून सगळं सुट्टीवर ढकलता. सुट्टीच्या दिवशी दळण, बँक, नातेवाईक, गाडीचं सर्व्हिसिंग. रात्री लक्षात येतं की वही पिशवीतच राहिली.

वर्षभर काही नाही, आणि दिवाळी अंकाची मुदत आली की दोन रात्री जागून कथा संपवता. छापून आल्यावर ती स्वतःलाच वाचवत नाही.

यातलं एखादं तुमच्याकडे दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

मी भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. फर्स्ट शिफ्ट सकाळी ७ ते ३.३०, सेकंड ३.३० ते रात्री १२, नाईट १२ ते ७. दर आठवड्याला शिफ्ट बदलते आणि सुट्टी गुरुवारी असते. २००९ पासून कथा लिहितोय. एवढ्या वर्षांत माझा लिहिण्याचा नेम इतक्या वेळा बंद पडला की आता मी त्याची ब्रेकडाऊनसारखी नोंद ठेवतो : कधी थांबलं, काय दिसलं, काय बदललं, कशाने चालू झालं. आमच्या वाचनालयात लिहिणारे सात-आठ जण महिन्यातून एकदा भेटतो. त्यांच्याही अडचणी ऐकत आलोय. कारणं तीच तीच निघतात.

नेम मोडला की जवळजवळ प्रत्येक जण आधी स्वतःला आळशी ठरवतो. मग एकदम सगळंच बदलतो : पहाटे उठायचं, नवं ॲप, नवी जागा, रोज हजार शब्द. आठवड्याभरात तेही मोडतं, आणि नेमकं कशामुळे मोडलं हे कधी कळतच नाही. मशीन बंद पडली की आपण थेट मोटर खोलत नाही, आधी सप्लाय बघतो, एमसीबी म्हणजे विजेचा ट्रिप होणारा स्विच बघतो. इथेही स्वस्त आणि सोप्यापासूनच सुरुवात करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला दोन आठवडे द्या. दोन गोष्टी एकदम बदलून नेम चालू झाला तर कशामुळे झाला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

१. वही कुठे आहे?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. वही किंवा लिहायची फाईल हाताशी यायला किती पावलं लागतात ते मोजा. कपाट उघडायचं, पिशवी काढायची, पेन शोधायचं, चष्मा शोधायचा. थकलेल्या माणसाला एवढं अंतरही पुरेसं असतं ‘आज राहू दे’ म्हणायला. माझी वही डब्याच्या पिशवीत असते, पेन तिच्यात अडकवलेलं. घरी आलं की डबा घासायला काढावाच लागतो, त्याबरोबर वही बाहेर येते.

याच्यातच दुसरी तपासणी. लिहून उठताना शेवटच्या ओळीखाली काय लिहिता? बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत. आमच्याकडे शिफ्ट संपताना लॉगबुकात हँडओव्हर लिहायचा नियम आहे : काय झालं, काय राहिलं, पुढच्या माणसाने कुठून सुरू करायचं. हा हँडओव्हर नसेल तर येणारा माणूस अर्धा तास नुसता मशीनभोवती फिरतो. लिहिणारा आणि उद्या बसणारा एकच असला तरी मध्ये एक दिवस, एक भांडण, एक झोप गेलेली असते. म्हणून उठताना एक ओळ लिहायची : ‘उद्या – भाऊ स्टँडवर पोचतो, पण गाडी गेलेली आहे. तो घरी फोन करत नाही. का?’ प्रश्न ठेवला तर जास्त चांगलं, कारण दिवसभर हातातलं काम करतानाही तो डोक्यात चालू राहतो. ‘कुठवर आलो होतो’ हे लक्षण असलेल्यांपैकी निम्म्यांचं काम या एका ओळीवर झालेलं मी पाहिलंय.

२. फोन आणि टायपिंग

फोनवर लिहीत असाल तर एरोप्लेन मोड. वहीत लिहीत असाल तर फोन दुसऱ्या खोलीत. याच्यावर जास्त बोलण्यासारखं नाही, करून बघा.

टायपिंगची अडचण मात्र खरी आहे आणि ती मराठीत लिहिणाऱ्यांना जास्त छळते. हाताने पन्नास पानं लिहून झालेली असतात आणि ‘आता हे टाईप कोण करणार’ या विचाराने पुढचं पानच लिहिलं जात नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नेम मोडला. खरं तर लिहिणं चालू आहे, पुढे माल तुंबलाय. तुमचं तसं आहे का ते बघा. असेल तर दोन कामं वेगळी करा. आठवड्यातून एक दिवस फक्त उतरवण्याचा. फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइकवर स्वतःची पानं वाचली की बऱ्यापैकी मजकूर उमटतो. विरामचिन्हं आणि ऱ्हस्वदीर्घ नंतर बसून नीट करावे लागतात, नावं तर हमखास चुकतात, पण डोंगर कमी होतो. आणि कुठल्यातरी जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाईप करत असाल तर आजच युनिकोडवर या. जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, आणि सगळी मेहनत दुरुस्तीत जाते.

३. माप

रोज किती लिहायचं ठरवलंय? ते माप तुम्ही कुठल्या दिवसावरून ठरवलंत? सुट्टीच्या दिवशी, पोटभर झोप झालेली असताना ठरवलं असेल तर ते चुकीचं आहे. नेमाचं माप सगळ्यात वाईट दिवसावरून घ्यायचं : सेकंड शिफ्ट, त्यात ओव्हरटाइम, घरी मुलाची परीक्षा. त्या दिवशी जेवढं होईल तेवढंच माप. माझं माप अर्धं पान. माझ्या अक्षरात लाँगबुकच्या अर्ध्या पानावर साधारण शंभर शब्द बसतात. वर्षात २५० दिवस जरी तेवढं झालं तरी २५,००० शब्द होतात, म्हणजे आठ-नऊ कथांचा कच्चा खर्डा. चांगल्या दिवशी चार पानं होतात. त्यांना कुणी अडवलेलं नाही. पण चार पानं झाली म्हणून उद्याचं अर्धं माफ करायचं नाही. मी केलंय. तिसऱ्या दिवशी वही उघडली जात नाही.

४. घड्याळ

इथे जास्त वेळ घालवा, कारण माझ्या नोंदींमध्ये सगळ्यात जास्त बिघाड इथेच सापडले.

पहिली पाच वर्षं मी पहाटे चारला उठून लिहायचं ठरवत होतो. लिहिणारे पहाटे उठतात असं सगळीकडे ऐकलं होतं. फर्स्ट शिफ्टला ते कसंबसं जमायचं. सेकंडला मी घरी एक वाजता पोचतो, चारला उठणार कसा? आणि नाईटला तर पहाटे चारला मी मशीनवर असतो. म्हणजे तीन आठवड्यांतला एकच आठवडा नेम चालायचा. तरीही मी स्वतःलाच दोष देत होतो. शेवटी एका नाईटच्या आठवड्यात ठरवलं की सकाळी घरी आल्यावर न झोपता दोन तास लिहायचं. चार दिवस लिहिलं, चांगलं लिहिलं. पाचव्या रात्री एका प्रेस मशीनचं विजेचं पॅनल उघडायला गेलो आणि मेन आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मुख्य स्विच, बंद करून त्याला कुलूप आणि टॅग लावायचं विसरलो. वीस वर्षांत हाताला बसलेली सवय, आणि ती त्या रात्री सुटली. बरोबरच्या माणसाने माझं मनगट धरलं म्हणून मी आज हे लिहितोय. दुसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं : झोपेतून वेळ काढायचा नाही. हा नियम मी पुन्हा मोडलेला नाही आणि तुम्हीही मोडू नका. गाडी चालवणारे, रुग्णांना औषध देणारे, मशीनवर उभे राहणारे, या सगळ्यांना तर मी हे हात जोडून सांगतो.

तर तपासायचं असं. सात दिवस एका कागदावर दर तासाला काय केलं ते लिहा. ठरवलेलं नको, झालेलं लिहा. आपण मनात धरलेला रिकामा वेळ आणि खरा रिकामा वेळ यात फार फरक असतो. मला वाटायचं, कंपनीच्या बसमध्ये पाऊण तास मिळतो. कागदावर दिसलं की त्यातली चाळीस मिनिटं मी झोपलेला असतो, आणि ती झोप मला हवीच असते.

मग त्या सात दिवसांत रोज घडणारी एक गोष्ट शोधा. रोज घडणारी वेळ शोधायची नाही, घटना शोधायची. वेळ शिफ्टबरोबर सरकते, घटना आपल्याबरोबर सरकते. माझ्या तिन्ही शिफ्टमध्ये एकच गोष्ट समान निघाली : झोपून उठल्यावरचा दुसरा चहा. फर्स्टला तो घरी आल्यावर, डुलकी काढून साडेपाचला होतो. सेकंडला सकाळी दहाला. नाईटला दुपारी तीनला. चहाचा कप धुऊन पालथा घातला की वही. घड्याळ बघायचंच नाही. हा नेम नऊ वर्षं टिकलाय, मध्ये मोडून पुन्हा जुळलेला धरून.

आमच्यातल्या एक ताई पोळीभाजी केंद्र चालवतात. त्यांना ‘सकाळी एक तास काढा’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. तो तास त्यांच्याकडे नाही आणि येणारही नाही. त्यांच्या कागदावर आम्हाला एकच जागा दिसली. दुपारची कणीक मळून, ओलं फडकं घालून झाकली की ती वीस-पंचवीस मिनिटं मुरायला लागते. त्या वेळात त्या फोन बघत बसायच्या. आता परातीवर फडकं पडलं की वही उघडते. दोन वर्षांत त्यांच्या माहेरच्या गावाच्या आठवणींच्या तीन वह्या भरल्या.

माणसाच्या सवयींवर काम करणाऱ्यांचंही म्हणणं याच्याशी जुळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला जोडून एक नवी गोष्ट करायला सांगितली होती, म्हणजे ‘नाश्ता झाल्यावर’ अशा धर्तीची. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी दिवस लागले, निम्म्यांना जास्त, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. २१ दिवसांत सवय लागते असं जे सर्रास सांगितलं जातं, त्यावर विसंबून बावीसाव्या दिवशी निराश होऊ नका. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : एखाद्या दिवशी खाडा पडला तर त्याने फारसं काही बिघडत नाही. पहिलं लक्षण ज्यांचं आहे त्यांनी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. बुडालेल्या दिवसाची भरपाई करायची नाही, फक्त पुढचा चहा चुकवायचा नाही.

५. घरातली माणसं

हे फुकट आहे, पण सोपं नाही, म्हणून इतकं खाली.

मी बरीच वर्षं न सांगता लिहीत होतो. वही घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि कुणी हाक मारली की चिडायचं. एके दिवशी बायको म्हणाली, “अहो, तुम्ही लिहिता त्याचं मला काही नाही. पण तुम्ही कधी उठणार हे आम्हाला कळत नाही. मग आम्ही सगळे नुसते थांबून राहतो.”

मी म्हणालो, “वीस मिनिटं लागतात फक्त.”

“मग तसं बोला ना. वीस मिनिटं मी कुणाला तिकडे फिरकू देणार नाही. एकविसाव्या मिनिटाला मात्र गॅसचं बघायला या.”

अडचण माझ्या लिहिण्याची नव्हतीच, न सांगितलेल्या वेळेची होती. आता बसताना सांगतो, स्वयंपाकघरातला टायमर लावतो, वाजला की उठतो. वाक्य अर्धं असलं तरी उठतो. अर्धं वाक्य हा चांगला हँडओव्हर असतो.

बायकांच्या बाबतीत ही तपासणी जास्त गंभीरपणे करावी लागते. आमच्या बैठकीत येणाऱ्या बहुतेक जणी ‘सगळ्यांचं आवरलं की’ लिहायचं ठरवतात. सगळ्यांचं कधीच आवरत नाही. तिथे घटना बदलून, माप कमी करून भागत नाही. घरातलं एक काम दुसऱ्या कुणीतरी उचलावं लागतं, आणि ते कोणतं, कुणी, कुठल्या दिवसापासून हे नावानिशी ठरवावं लागतं. ‘थोडी मदत करत जा’ याने काहीही हलत नाही. ‘संध्याकाळची भांडी आजपासून तू’ याने हलतं. घरातल्या पुरुषांनो, हे वाचत असाल तर सांगायची वाट बघू नका.

६. बिघाड नेमात आहे की कथेत?

सगळं जागेवर आहे, बसताही, तरी पान पुढे सरकत नाही. मग एक चाचणी. सेन्सर गेलाय की केबल हे कळत नसेल तर आम्ही शेजारच्या चालू मशीनवरचा सेन्सर काढून इथे लावून बघतो. तसंच करा. तीन दिवस त्याच जागी, त्याच चहानंतर, दुसरं काहीतरी लिहा : मित्राला पत्र, लहानपणच्या घराचं वर्णन, आज बसमध्ये ऐकलेलं बोलणं. ते सरसर झालं तर तुमचा नेम ठणठणीत आहे, कथा अडकलीय. तिला बाजूला ठेवा किंवा जिथून अडली त्याच्या दोन पानं मागे जा. चूक सहसा तिथे असते. तेही झालं नाही तर वरच्या तपासण्यांमध्ये काहीतरी सुटलंय, किंवा खाली लिहिलंय ते वाचा.

पहिल्याच पानावर खाडाखोड करणाऱ्यांसाठी : लिहिणं आणि दुरुस्ती एका बैठकीत नको. माझ्याकडे निळं पेन लिहायला आणि लाल दुरुस्तीला आहे, आणि लाल पेन घरात कपाटात असतं, पिशवीत नाही. सुट्टीच्या दिवशीच हातात घेतो.

७. वर्षाचं गणित

दोन रात्री जागून अंकासाठी लिहिणाऱ्यांचा बिघाड दिवसात सापडत नाही, तो वर्षात असतो. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत कथा लिहिणाऱ्यांचं वर्ष या सणाला बांधलं गेलंय. सण ऑक्टोबर-नोव्हेंबरात असला तरी माझ्या अनुभवात संपादकांना मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत हवा असतो. म्हणजे शाळा सुरू होणं, पहिला पाऊस, गळणारं छप्पर आणि मुदत पाठोपाठ. मी आता उलटं मोजतो. गुढीपाडव्याला कच्चा खर्डा पुरा. त्यानंतर महिनाभर तो खर्डा बंद, कारण लगेच वाचलं तर आपण लिहिलेलं दिसत नाही, लिहायचं होतं ते दिसतं. वटपौर्णिमेपर्यंत दुरुस्ती, मग टायपिंग. गणपतीत मी काहीही ठरवत नाही. लग्नसराईच्या आणि मार्चअखेरीच्या आठवड्यांत माप अर्ध्या पानावरून दोन ओळींवर आणतो आणि तसं आधीच वहीत लिहून ठेवतो. न ठरवता पडलेला खाडा टोचत राहतो, ठरवून घेतलेली सूट तशी टोचत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट यांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, रात्री हात झटकत उठावं लागतं : तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मनगटातली नस दाबली जात असेल तर उशीर केल्याने नुकसान वाढतं.

चाळिशीच्या आसपास आहात, वही लांब धरावी लागते, वीस मिनिटांत डोकं दुखतं : डोळे तपासून घ्या. आमच्यातल्या एका सरांनी दीड वर्ष ‘लिहिण्यात मन लागत नाही’ म्हणून काढलं, आणि लागला तो चष्म्याचा नंबर.

पुरेसे तास झोपूनही दिवसभर पेंग येते, घरचे म्हणतात मोठ्याने घोरता, मध्येच श्वास थांबतो : हे नेमाचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. सततच्या थकव्यासाठी रक्ताची तपासणी करून घ्या, बायकांनी तर हिमोग्लोबिन नक्की बघा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन आठवड्यांहून जास्त काळ फक्त लिहिणंच नाही तर पूर्वी आवडणारं काहीच करावंसं वाटत नाही, झोप किंवा भूक बिघडलीय, सगळं उदास वाटतं, तर वरची एकही तपासणी करू नका. स्वतःला आळशी म्हणून आणखी मारू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जवळ कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याचा विचार एकदा जरी आला असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा आणि घरातल्या एका माणसाला सांगायचं. एका वर्षी आमच्या बैठकीतून एक जण हळूहळू यायचे बंद झाले आणि आम्ही त्यांना माप कमी करायला सांगत राहिलो. त्यांना डॉक्टरांची गरज होती. ते आज बरे आहेत, लिहितातही, पण आम्ही ते ओळखायला चार महिने लावले.

शिफ्ट, नोकरी, घर, शाळा, काहीही बदललं की पहिल्या तीन तपासण्या पुन्हा करा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते गुरुवारी संध्याकाळी करतो, नव्या आठवड्याचा शिफ्टचा तक्ता फोनवर आला की.